संगणकाच्या आठवणीत बिघाड घालून स्किझोफ्रेनिया तपासताना: ‘डिसर्न’चे प्रकरण

२०११ साली ‘बायॉलॉजिकल सायकियाट्री’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. येल विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ राल्फ हॉफमन, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ उली ग्रासमन व रिस्टो मिक्कुलायनन आणि त्यांचे सहकारी यांनी गोष्टी ऐकून त्या परत सांगणारे एक न्यूरल नेटवर्क (आकड्यांच्या जोडण्या बदलत उदाहरणांवरून शिकणारी संगणकी यंत्रणा) घेतले, त्यात आठ वेगवेगळ्या प्रकारचे बिघाड मुद्दाम घातले आणि कोणत्या बिघाडातून येणाऱ्या चुका खऱ्या रुग्णांच्या चुकांशी जुळतात ते पाहिले. त्या नेटवर्कचे नाव डिसर्न. बातम्यांना मथळे मिळाले ते ‘शास्त्रज्ञांनी संगणकाला स्किझोफ्रेनिया केला’ अशा थाटाचे. एका उत्तरात या यंत्रणेने दहशतवादी बॉम्बस्फोटाची जबाबदारी स्वतःवर घेतली होती, आणि एवढे वाक्य वर्तमानपत्रांना पुरेसे होते.

पण नेटवर्क बिघडवणे अगदी सोपे असते. कुठलेही आकडे हलवा, ते काहीतरी वेडेवाकडे बोलू लागते. डिसर्नचे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे ते बिघाडांची आपसात तुलना कशी केली यासाठी.

प्रश्न कुठून आला

स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांचे बोलणे तुटक होते. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी पडते आणि ऐकणाऱ्याच्या हाती धागा लागत नाही. याच आजारात पक्के भ्रमही असतात: पोलीस माझ्या मागावर आहेत, अमुक टोळीचा मी म्होरक्या आहे. तुटक बोलणे विस्कळीत असते. भ्रम उलट घट्ट बांधलेला असतो आणि महिनोन्‌महिने तसाच टिकतो. एकाच आजारात ही दोन्ही टोके कशी येतात, हा जुना पेच आहे.

कारणांची यादीही लांब होती. कोणी म्हणे कार्यस्मृती कच्ची पडते, म्हणजे बोलता बोलता आधीचे वाक्य मनात धरून ठेवण्याची ताकद कमी होते. कोणी म्हणे शब्दार्थांचे जाळे बिघडते आणि एका शब्दामागून भलतेच शब्द जागे होतात. तिसरा गट डोपामिन या मेंदूतल्या रसायनाकडे बोट दाखवी. प्रत्येक मताला थोडाफार पुरावा होता आणि प्रत्यक्ष मेंदूत एकेक कारण सुटे करून तपासणे शक्य नव्हते. मॉडेलचा उपयोग इथे होतो, कारण त्यात एकच कळ फिरवून बाकी सगळे जागच्या जागी ठेवता येते.

या वाटेवर डिसर्न पहिले नव्हते. स्टॅनफर्डमध्ये केनेथ कोल्बी यांनी १९७२ मध्ये पॅरी नावाचा संशयग्रस्त ‘रुग्ण’ संगणक प्रोग्रॅमच्या रूपात लिहिला होता. त्यात भीती, राग आणि अविश्वास असे तीन आकडे होते आणि समोरच्या वाक्याप्रमाणे ते वर-खाली होत. लेखी संवाद वाचून पॅरी कोणता आणि माणूस कोणता हे मानसोपचारतज्ज्ञांनाही धड सांगता आले नाही. मात्र पॅरीचा संशय नियमांत आधीच लिहून ठेवलेला होता. जे आत घातले तेच बाहेर आले, म्हणून संशय उत्पन्न कसा होतो याबद्दल त्यातून काही कळत नाही. १९९२ मध्ये जोनाथन कोहेन आणि डेव्हिड सर्व्हान-श्रायबर यांनी पुढचे पाऊल टाकले. संदर्भ धरून ठेवणाऱ्या घटकांचा गेन त्यांनी १.० वरून ०.६ वर आणला आणि लक्ष व भाषेच्या चाचण्यांत रुग्णांसारख्या चुका मिळवल्या.

गेन म्हणजे येणाऱ्या संदेशाला गुणणारा आकडा. घटकाकडे येणारी बेरीज +२ असेल आणि गेन १.० असेल, तर नेहमीच्या एस-आकाराच्या वक्ररेषेवर उत्तर ०.८८ येते, −२ असेल तर ०.१२. गेन ०.६ केला की हीच उत्तरे ०.७७ आणि ०.२३ होतात. ‘हो’ आणि ‘नाही’ यांतले अंतर ०.७६ वरून ०.५४ वर येते. घटक काम करत राहतो, पण मिळमिळीत. डिसर्नमध्ये तपासलेल्या बिघाडांत या जातीचा बिघाडही होता.

डिसर्न कसे चालते

ही यंत्रणा मिक्कुलायनन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भाषेसाठी बांधलेल्या नेटवर्कमधून वाढवलेली आहे. ती एकसंध नाही, तिच्यात माळेसारखे जोडलेले भाग आहेत. पहिला भाग वाक्य शब्दाशब्दाने घेतो आणि त्यातून कर्ता, क्रिया, कर्म अशा खाचा भरतो. दुसरा भाग लागोपाठच्या वाक्यांतून प्रसंग जुळवतो. तिसरा, स्मृती-संकेतक, पूर्ण गोष्ट दाबून ठरावीक लांबीच्या एका आकडेमालेत बसवतो. गोष्टीची आठवण ती हीच. परत सांगताना उलटा प्रवास होतो: एक भाग आठवणीतून प्रसंग उलगडतो, दुसरा त्याची वाक्ये करतो.

प्रत्येक शब्दही आत आकड्यांची मालाच असतो. सारख्या जागी येणाऱ्या शब्दांच्या माला शिकता शिकता एकमेकींसारख्या होत जातात, त्यामुळे दोन माणसांची नावे एकमेकांजवळ येतात, माणूस आणि गाव मात्र लांब राहतात. शेवटी बाहेर पडलेली माला शब्दकोशातल्या सर्वांत जवळच्या शब्दाशी जुळवली जाते. याचा एक परिणाम वाचणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. डिसर्न कधीही निरर्थक शब्द बोलू शकत नाही. कितीही बिघडले तरी कोशातलाच कुठलातरी शब्द येणार. काही रुग्ण स्वतःचे नवेच शब्द घडवतात. ते लक्षण या मॉडेलमध्ये उमटायला जागाच नाही, म्हणून ते दिसले नाही यावरून काही सिद्ध होत नाही.

शिकवलेल्या गोष्टी दोन गटांतल्या होत्या. एका गटात ‘मी’च्या आयुष्यातले साधे प्रसंग, दुसऱ्यात गुन्हेगारी टोळ्यांच्या तिऱ्हाइताच्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीला तिचा भावनिक रंगही आकड्याने जोडलेला होता. ही निवड हुशारीची होती. दोन्ही गटांत माणसे आहेत आणि काही प्रकारचे प्रसंग दोन्हीकडे येतात, त्यामुळे मिसळ होण्याची शक्यता खुली राहते. मिसळ झाली तर ‘मी’ गुन्ह्याच्या गोष्टीत शिरतो आणि हे भ्रमाच्या जवळ जाणारे वर्तन ठरते.

बिघाड घालणे आणि मोजणे

नेटवर्क आधी नीट शिकवले आणि बिघाड नंतर घातला. हा क्रम महत्त्वाचा. आजार बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा तारुण्यात उघड होतो, म्हणजे भाषा आणि आठवण आधी तयार झालेली असते. बिघाडांच्या यादीत कार्यस्मृतीच्या जोडण्या तोडणे, तिच्यात गोंगाट मिसळणे, गेन घटवणे, शब्दार्थांचे जाळे विस्कटणे किंवा अति उत्तेजित करणे, आणि आठवण पक्की होताना अंदाजातल्या चुकीचा संदेश फुगवणे असे प्रकार होते. शेवटच्याला लेखकांनी अतिशिक्षण म्हटले.

दुसऱ्या बाजूला माणसे होती: स्किझोफ्रेनिया किंवा स्किझोअफेक्टिव्ह विकार (स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांसोबत मनःस्थितीचे तीव्र चढउतार) असलेले ३७ रुग्ण आणि २० निरोगी व्यक्ती. वय, लिंग आणि आईवडिलांचे शिक्षण या बाबतीत दोन्ही गट जुळवलेले होते. त्यांना गोष्टी ऐकवल्या आणि काही वेळ जाऊ देऊन परत सांगायला लावल्या. मोजल्या त्या अनेक प्रकारच्या चुका: गोष्ट किती आठवली, कर्त्यांची अदलाबदल किती झाली, शब्द किती चुकले, किती वाक्ये रूळ सोडून गेली. या आकड्यांचा एकत्र नकाशा म्हणजे त्या गटाची चुकांची ठेवण. मग प्रत्येक बिघाडाचे प्रमाण कमी-जास्त करत कोणती ठेवण कुठे बसते ते पाहिले.

निरोगी लोकांच्या ठेवणीशी आठही बिघाड सारखेच जुळले. सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका भाग माझ्या मते हाच आहे. थोडीशी विस्मृती कशानेही तयार होते आणि तिच्यावरून कारण ओळखता येत नाही. ‘आमचे मॉडेल माणसासारखे विसरते’ असा दावा करणारा लेख दिसला की हे आठवावे. रुग्णांच्या ठेवणीवर मात्र बिघाड वेगळे पडले आणि अतिशिक्षण इतर सर्वांपेक्षा संख्याशास्त्रीय कसोटीवर सरस ठरले.

जास्त शिकल्याने आठवण का बिघडते

ऐकायला हे उलटे वाटते. जास्त शिकणे चांगले असायला हवे. एका जोडणीवर हिशोब करून बघू.

जोडणीचे वजन म्हणजे तिचा जोर दाखवणारा आकडा. गोष्ट क ला ते १ हवे आहे, गोष्ट ख ला ० हवे आहे. दर वेळी वजन अपेक्षित आकड्याच्या दिशेने सरकते आणि चुकीचा किती हिस्सा भरून काढायचा ते लर्निंग रेट ठरवतो. रेट ०.२ ठेवून क आणि ख आलटून पालटून शिकवल्या, तर वजन काही फेऱ्यांनी क नंतर ०.५६ आणि ख नंतर ०.४४ यांच्यात स्थिरावते. म्हणजे ०.५ च्या आसपास. दोन्ही गोष्टींना थोडी थोडी जागा मिळते आणि फरक करण्याचे काम इतर जोडण्या करतात. रेट ०.८ केला की तेच वजन ०.८३ आणि ०.१७ यांच्यात झोके घेते. जी गोष्ट शेवटी आली तिचा शिक्का बसतो आणि आधीची पुसली जाते. रेट २ च्या पुढे गेला तर एकच गोष्ट शिकवतानाही चूक दर फेरीला वाढत जाते.

हजारो जोडण्यांत हे एकाच वेळी घडले की सारख्या गोष्टी एकमेकींत घुसतात. अगदी भिन्न गोष्टी तुलनेने वाचतात, कारण त्यांच्या जोडण्या फारशा सामायिक नसतात. ‘मी’ आणि टोळीतला इसम दोघेही कर्त्याच्या खाचेत बसतात, त्यांच्या आकडेमाला जवळच्या असतात, म्हणून अदलाबदल तिथे होते. ‘मी’ आणि ‘रुग्णालय’ यांची होत नाही. बिघडलेली आठवण अशी व्याकरणशुद्ध राहते, फक्त माणूस बदलतो. आणि ती साठवणीतच तशी कोरली गेल्यामुळे पुन्हा विचारले तरी तीच येते. कार्यस्मृतीतल्या गोंगाटाने चूक दर वेळी वेगळी येईल. तीच ती चूक पुन्हा पुन्हा येणे हे पक्क्या भ्रमाशी जास्त जुळते. एकाच कळीतून रूळ सोडलेली वाक्ये आणि टिकून राहणारी खोटी कहाणी दोन्ही निघाली, म्हणून वरच्या पेचाला हे उत्तर आकर्षक वाटते.

डोपामिनशी धागा असा. वुल्फ्राम शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडले की डोपामिनच्या पेशी मिळालेले बक्षीस आणि अपेक्षित बक्षीस यांतला फरक, म्हणजे अंदाजातली चूक, कळवतात. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये म्हटले की मनोविकृतीत डोपामिन बेवेळी सुटतो आणि क्षुल्लक गोष्टींनाही भलते महत्त्व चिकटते. डिसर्न या विचाराला आठवणीच्या साठवणीशी जोडते.

यातून औषधांविषयी एक अनुमान निघते. लर्निंग रेट परत खाली आणला तर नवी मिसळ थांबेल, पण आधीच बिघडलेली आठवण आपोआप दुरुस्त होणार नाही. ती पुन्हा नीट शिकवावी लागेल. हे मॉडेलचे तर्कशास्त्र आहे, उपचाराचा सल्ला नव्हे. घरच्यांना ‘तुमच्या मुलाचा मेंदू जास्त शिकतो’ असे सांगण्याइतका पुरावा एका अभ्यासातून मिळत नाही.

जिथे शंका घ्यावी

सर्वांत टोकदार आक्षेप न्यूरल नेटवर्कच्या जुन्या दुखण्यातून येतो. मायकल मॅकक्लॉस्की आणि नील कोहेन यांनी १९८९ मध्ये दाखवले की अशी नेटवर्क नवे शिकताना जुने झटक्यात विसरतात. अतिशिक्षणाचा परिणाम याच दुखण्याची वाढलेली आवृत्ती आहे. मग जुळले ते आजाराशी की नेटवर्कच्या स्वभावाशी? मेंदूत हिप्पोकँपस हा आतला भाग नव्याची घाईने नोंद करतो आणि कॉर्टेक्स हा बाहेरचा थर सावकाश शिकतो, असा बचाव १९९५ मध्ये मॅक्लेलँड, मॅकनॉटन आणि ओ’रायली यांनी मांडला. डिसर्नमध्ये अशी दुहेरी व्यवस्था नाही. ती असती तर अतिशिक्षणाची धार कमी झाली असती का, हा प्रश्न उभा राहतो.

दुसरे, मॉडेलने ऐकलेल्या गोष्टी मोजक्या शब्दांच्या आणि ठरावीक साच्याच्या होत्या. माणसांनी वेगळ्या गोष्टी ऐकल्या. तुलना चुकांच्या प्रकारांची झाली, मजकुराची नाही. तिसरे, आवाज ऐकू येणे, उदासीनता, कमी बोलणे, माणसांपासून दूर होणे ही लक्षणे या कामाच्या कक्षेबाहेर राहतात. लोक स्किझोफ्रेनिया म्हणतात तेव्हा आवाज ऐकू येण्याचाच विचार आधी करतात, म्हणून हे ठळक सांगायला हवे.

असा अभ्यास हाती घ्यायचा तर

डिसर्नइतकी मोठी यंत्रणा लागत नाही. कर्ता-क्रिया-कर्माच्या काही डझन वाक्यांवर शिकवलेले छोटे रिकरंट नेटवर्क (आधीच्या शब्दांची खूण पुढे नेणारे) साध्या लॅपटॉपवर चालते. खरे कष्ट तुलनेत आहेत.

एकच नेटवर्क शिकवून त्याला रुग्ण म्हणू नये. सुरुवातीचे यादृच्छिक आकडे बदलून वीस-तीस तरी नेटवर्क शिकवावीत, कारण एकाच बिघाडाने दोन नेटवर्क वेगळी कोलमडतात. बिघाडापूर्वी प्रत्येकाने निदान पंच्याण्णव टक्के वाक्ये बरोबर सांगितली पाहिजेत. नाहीतर शिकवणीतली कसर बिघाडाच्या नावावर जमा होते.

मग बिघाडाचे प्रमाण वाढवत न्यायचे आणि वेगवेगळ्या बिघाडांची तुलना आठवणीच्या सारख्या पातळीवरच करायची. ही पायरी सोडली की बाकी काम वाया जाते. एका बिघाडाने आठवण सत्तर टक्क्यांवर आली आणि दुसऱ्याने चाळीसवर, तर दुसऱ्यात सगळ्याच चुका जास्त दिसणार. तो कारणाचा फरक नसतो, मात्रेचा असतो.

जुळणी मोजताना प्रत्येक मापातला फरक रुग्णगटाच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या मापाने, भागावा. आठवणीचे माप शंभरपैकी असते, रूळ सोडलेली वाक्ये एका गोष्टीत एक किंवा दोन. न भागता बेरीज केली तर आठवण सगळ्यांना गिळते आणि ज्या चुका महत्त्वाच्या त्यांचा आवाजच उरत नाही. ज्या बिघाडाला फिरवायला दोन कळा आहेत तो एका कळीच्या बिघाडापेक्षा जास्त जुळणारच, म्हणून कळांची संख्या सारखी ठेवावी किंवा अर्धे रुग्ण बाजूला ठेवून जुळणी त्यांच्यावर तपासावी.

आणखी एक तपासणी खऱ्या रुग्णांना हात लावण्याआधी करावी. गेन घटवलेल्या नेटवर्कचे उतारे घ्यायचे, कारण झाकायचे आणि सगळ्या बिघाडांनी ते जुळवायचे. पद्धत नीट असेल तर उत्तर ‘गेन’ यायला हवे. असे प्रत्येक बिघाडाबाबत करून तक्ता मांडला की कोणते दोन बिघाड आपल्या मापांनी ओळखताच येत नाहीत ते आधीच कळते. गेन घटवणे आणि गोंगाट मिसळणे ही जोडी यात वारंवार अडकते, कारण दोन्हींनी संदेश आणि गोंगाट यांचे गुणोत्तर घसरते.

मराठीत हा प्रयोग करताना कर्त्याच्या अदलाबदलीची गुणनोंद इंग्रजीच्या साच्यात करू नये. ‘मी गेलो’ आणि ‘तो गेला’ यांत क्रियापदच कर्ता सांगते. बोलणाऱ्याने ‘मी’ गाळला तरी ‘गेलो’ पुरते. पण सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तसे होत नाही. ‘मी बॉम्ब ठेवला’ आणि ‘त्याने बॉम्ब ठेवला’ यांत क्रियापद एकच, ते कर्माप्रमाणे चालते. रुग्ण नुसते ‘बॉम्ब ठेवला’ म्हणाला, तर कर्ता कोण हे वाक्यावरून ठरत नाही. अशा वाक्यांसाठी ‘अनिश्चित’ असा तिसरा रकाना आधीच आखावा, आणि कोणता उतारा रुग्णाचा हे ठाऊक नसलेल्या दोघांकडून स्वतंत्र नोंद करून घ्यावी. नेटवर्कला शिकवायच्या वाक्यांतही अकर्मक आणि सकर्मक यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे ठेवावे. गुन्ह्याच्या गोष्टींत मारले, पळवले, लुटले अशी सकर्मक क्रियापदे स्वभावतःच जास्त येतात. ती तशीच राहू दिली तर अदलाबदल आजारामुळे झाली की व्याकरणामुळे, हे सांगता येणार नाही.

कार्यस्मृती की अतिशिक्षण

दोन मुख्य दावेदारांना समोरासमोर आणणारी चाचणी काळावर बेतता येते. कार्यस्मृती बिघडली असेल तर चुका गोष्ट ऐकल्याबरोबर दिसायला हव्यात आणि नंतर त्यांची जात फारशी बदलू नये. अतिशिक्षण आठवण पक्की होताना घडते, म्हणून ऐकल्या ऐकल्या सांगितलेली गोष्ट जवळजवळ ठीक असावी आणि कर्त्यांची अदलाबदल काही दिवसांनी फुगावी. त्यातही मधल्या काळात त्याच ठेवणीच्या आणखी गोष्टी ऐकवलेल्या गटात ती जास्त असावी, काहीच न ऐकवलेल्या गटात कमी. तेव्हा तीन वेळा विचारायचे: लगेच, दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर, आणि आठवड्याने. रुग्णांचे दोन गट करायचे, भ्रम असलेले आणि नसलेले. औषधांची मात्रा नोंदवायची. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात भ्रम असलेल्या गटाची अदलाबदल लगेचच्या आकड्यापेक्षा वाढली नाही, तर अतिशिक्षणाचा दावा त्या रुग्णांपुरता मागे घ्यावा लागेल.